जज्जीणबाईंचा निकाल

सिग्नल हिरवा झाला आणि सगळ्यांत पुढे उभी असलेली लाल गाडी नेमकी तेव्हाच बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. गाडी ठेंगणी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. कापडी छप्पर मागे गुंडाळलेलं होतं, त्यामुळे आत बसलेल्या माणसाची तारांबळ अख्ख्या चौकाला दिसत होती. तो चावी फिरवत होता, पाय आपटत होता, मागे वळून माफीचा हात दाखवत होता आणि पुन्हा चावी फिरवत होता.

ती रस्ता ओलांडत होती. काखेत क्लचप्लेटचं खोकं, बोटांना सकाळचं ग्रीस. तिला थांबायचं काही कारण नव्हतं. पण बंद पडलेल्या गाडीजवळून तसंच पुढे जाणं तिला आजवर कधी जमलेलं नव्हतं.

“पाय मारू नका,” ती दाराशी वाकून म्हणाली. “जितका माराल तितकं पेट्रोल तुंबेल. उचला पाय. पूर्ण उचला.”

त्याने पाय उचलला, इतक्या आज्ञाधारकपणे की गुडघा खाडकन स्टिअरिंगवर आपटला.

“आता एक मोठा श्वास घ्या.”

“मी?”

“मग काय गाडीने घ्यायचा? ...हं. आता फिरवा चावी. पाय वरच.”

इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. एव्हाना सिग्नल पुन्हा लाल झाला होता. मागच्यांनी हताश होऊन हॉर्न सोडून दिले.

“तुम्ही कोण?” त्याने विचारलं.

“रस्ता ओलांडणारी.”

“रोज इथूनच ओलांडता?”

तिला हसू आलं; ते दिसू नये म्हणून तिने बोनेटकडे बघितलं. “चढावर दमते का ही?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आवाजावरून. दाखवून घ्या कुणाला तरी. पाण्याच्या टाकीमागे गल्लीत एक गॅरेज आहे. तिथली बाई फटकळ आहे, पण खोटं सांगत नाही.”

“फटकळ म्हणजे... किती?”

“जाऊन बघा,” ती म्हणाली आणि हिरवा व्हायच्या आत पलीकडे गेली.

दुपारी ती एका व्हॅनखाली आडवी पडलेली असताना तिला गल्लीच्या तोंडाशी तोच खोकल्याचा आवाज ऐकू आला. मग दोन स्वच्छ बूट दिसले. बूट व्हॅनपाशी येऊन थांबले आणि त्यांच्या वरून कुणीतरी अदबीने विचारलं, “फटकळ बाई कुठे भेटतील?”

ती सरपटत बाहेर आली. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि मग असा हसला की तिला आपल्या गालावरच्या काळ्या डागाची एकदम जाणीव झाली. तिने तो मनगटाने पुसला. डाग कानापर्यंत पसरला.

गॅरेज तिच्या मामाचं. मामाच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तो दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचा. काम सगळं तीच बघे. आणि कामापेक्षाही लोक तिच्याकडे दुसऱ्याच एका गोष्टीसाठी येत: गाडी ठेवू की विकू, हे विचारायला. ती गाडी फिरवून आणायची, बोनेट उघडायची, इंजिनातला दाब मोजायची आणि एका शब्दात सांगायची. ठेवा, किंवा विका. लोक वाद घालत, रुसत. एका गृहस्थांनी तर डोळ्यांना रुमाल लावला होता. पण तिचा शब्द बदलत नसे. म्हणून आळीतले सगळे तिला जज्जीणबाई म्हणत. मामाही.

“हिचा निकाल आज देऊ नका,” त्या दिवशी तो लाल गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाला होता. “मी अजून मनाची तयारी केलेली नाही.”

“मग आणलीत कशाला?”

“चढावर दमते म्हणून. आणि... तुम्ही जाऊन बघा म्हणालात म्हणून.”

तो दात बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि तो त्यांवरून कवळ्या, दातांचे पूल, दातांवरच्या टोप्या घडवी. ही गाडी त्याने तरुणपणी घेतली ती केवळ नाद म्हणून. पण पुढे तिनेच धंद्याला हात दिला. गावोगावचे डॉक्टर अडल्या वेळी त्याला फोन करत. कुणाचे पुढचे दात लग्नाच्या आदल्या दिवशी पडत, कुणी गवई मैफलीच्या सकाळी कवळीवर पाय देई, आणि मग हा छप्पर उघडून, शेजारच्या सीटवर दातांचा डबा पट्ट्याने बांधून भरधाव निघे. किलोमीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते.

“म्हणजे या सीटवर कायम दातच बसले?” तिने एकदा विचारलं.

“बहुतेक,” तो म्हणाला. “माणसं फारशी नाही बसली.”

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. तिला मात्र त्यानंतर बराच वेळ पाना सापडेना, आणि पाना तिच्या हातातच होता.

पहिल्यांदा गाडी फिरवून बघायला ते निघाले तेव्हाही डबा सीटवर होता. त्याने घाईघाईने पट्टा सोडला, डबा उचलला आणि इकडेतिकडे बघितलं. मागे सीट नव्हतीच.

“मांडीवर घ्याल?”

“कुणाचे आहेत?”

“एका मुख्याध्यापिकेचे. जपून. त्या चावतात असं डॉक्टर म्हणतात.”

टेकडीच्या रस्त्याने ते वर गेले. संध्याकाळ व्हायची होती. वारा समोरून येत होता, तिचे केस सोडवत होता. मांडीवर कुणाचं तरी उद्याचं हसू घेऊन ती इंजिनाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होती. तिला इंजिन ऐकू येत होतं. पण गिअर बदलताना त्याचं कोपर तिच्या बाहीला जेमतेम लागायचं आणि नंतर काही क्षण इंजिन कुठेतरी लांब जायचं... चढाच्या टोकाला त्याने विचारलं, “काय वाटतं?”

“पुन्हा एकदा बघावं लागेल,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग त्याचं येणं सुरू झालं. एकदा दिवा मिणमिणत होता. एकदा दाराची कडी अडकत होती. आरसा तर सारखाच सैल व्हायचा.

“जज्जीणबाई, तुझे दातवाले आले गं,” मामा खुर्चीतून ओरडे. “आरसा पुन्हा सैल झालाय म्हणतात. हा आरसा आहे का दुधाचा दात?” आणि तो जवळ आला की आवाज न उतरवता, “मी काय म्हणतो, घरी तुमच्याकडे पाना आहे ना? तो उलटा फिरवताय तुम्ही.”

“मामा!”

“मी आरशाबद्दल बोलतोय. तू का लाल झालीस?”

तो हसे, कान चोळे, स्टुलावर बसे. ती आरसा आवळे. त्याची बोटं लांब आणि स्वच्छ होती; ती बोलताना हवेत काहीतरी कोरत. तिला कधीकधी वाटे, आपणच विचारावं: आरशाव्यतिरिक्तही येत चला ना. पण हे वाक्य घशापर्यंत येई आणि तिथून “ब्रेक ऑइलही बघून घेते” असं होऊन बाहेर पडे. गाड्यांबद्दल फटकळ असलेली ती बाकी सगळ्या बाबतींत मुखदुर्बळ होती. तो गेला की गल्लीच्या वळणापलीकडे इंजिनाचा आवाज विरेपर्यंत तिचे हात थांबलेले असत. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खोकल्याला ती मान वर करी.

एके दिवशी तो आला तेव्हा आरसा घट्ट होता.

“आता निकाल द्या,” तो म्हणाला. “आईला माझ्याकडे आणलंय. खुब्याचं हाड मोडलं तिचं. तिला दवाखान्यात न्यायचं, आणायचं... परवा हिच्यात बसवलं. बसली पटकन, पण उतरवताना शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. म्हणाली, ही गाडी आहे का विहीर?”

तिला हसावं की नाही कळेना.

“दुसरी उंच गाडी घ्यायची तर अंगणात एकच मावते. हिला बरी करून उभी कुठे करू? आणि विकू तर... मला ठरवता येत नाहीये. म्हणून मी सगळं तुमच्यावर सोडतो. इंजिनात जीव असेल तर मी काहीतरी वाट काढीन. नसेल तर विकतो. एक सुट्या भागांचा व्यापारी मागे लागलाय.”

“तो तोडेल तिला.”

“जीवच नसेल तर...” त्याने वाक्य सोडून दिलं.

तिने चारही प्लग काढले, गेज आणला. दाब मोजायला दोन माणसं लागतात, एक गेजपाशी आणि एक आत, चावी फिरवायला. तिने त्याला आत बसवलं. बोनेट वर उचललेलं होतं आणि त्याच्या खालच्या फटीतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. ते तिच्याकडेच बघत होते, जणू निकाल काट्यावर नसून तिच्या चेहऱ्यावर उमटणार होता.

“फिरवा,” ती म्हणाली. आवाज जरा फुटलाच.

काटा निम्म्यावर येऊन थांबला. दुसरा सिलिंडरही तसाच, तिसराही, चौथाही. तिने गेज झटकला, पुन्हा लावला. तेच.

कुणी तिच्या जागी असतं तर घुटमळलं असतं. ती घुटमळली नाही. कारण आपण घुटमळलो तर ते कशासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निकाल मनासारखा नाही म्हणून पुन्हापुन्हा मोजत राहायचं हे तिने दुसऱ्या कुणासाठी केलं असतं का?

“विका,” ती म्हणाली.

तो गाडीतून उतरला. त्याने बोनेट हळूच खाली घेतलं, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं.

“बरं,” तो म्हणाला. “शनिवारी देतो मग त्या व्यापाऱ्याला. तुम्ही फार... बरं. येतो.”

येतो म्हणाला, पण कशाला येणार होता?

नंतरचे दिवस काम होतं म्हणून सरले. मामाने दोन दिवस एकाही गाडीला नावं ठेवली नाहीत. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, “आळीतल्या सगळ्यांचे आरसे घट्ट आहेत वाटतं.”

“मामा, नको ना.”

शुक्रवारी सकाळी एका व्हॅनचा दाब मोजायचा होता. तिने व्हॅनवाल्याला आत बसवलं, गेज लावला आणि सवयीने म्हणाली, “ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा हं. मी सांगेपर्यंत पाय सोडायचा नाही.”

आणि तिचा हात गेजवर तसाच राहिला.

पाय दाबलेला नसेल तर इंजिनात पुरेशी हवाच जात नाही. हवा नाही तर दाब कसला? चांगल्या इंजिनाचा काटाही मग निम्म्यावरच अडतो. म्हणून हे वाक्य ती आत बसलेल्या प्रत्येकाला सांगे, न चुकता, इतक्या वर्षांत झोपेतसुद्धा म्हटलं असेल. त्याला सांगितलं होतं? तिला त्याचे डोळे आठवत होते. फट आठवत होती. आपण “फिरवा” म्हणालो ते आठवत होतं. त्याच्या आधीचं काही आठवेना.

आणि चारही सिलिंडर सारखेच कमी! इतकी धावलेली इंजिनं झिजतात ती वेडीवाकडी झिजतात. एक बरा, एक अगदीच गेलेला. चौघं एका मापाने म्हातारे कसे होतील? हे तिला तेव्हाच दिसायला हवं होतं. का दिसलं नाही?

की आत्ता दिसतंय ते तरी खरं आहे का?

“मामा,” व्हॅन गेल्यावर ती त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. “मला हवंय म्हणून मला तसं वाटत असेल का रे?”

“काय हवंय?”

मामाने तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू निवली. “पुन्हा मोज,” तो म्हणाला. “तुला काय हवंय नि काय नकोय ते काट्याला थोडंच कळतं? जा. दुकान मी बघतो. कुणी आलं तर शिव्या देऊन बसवून ठेवीन.”

गेजची पिशवी खांद्याला लावून ती चालत निघाली. त्याचं घर तिला ऐकून माहीत होतं. दार उघडलं ते चाकांच्या आधारकाठीला धरून उभ्या असलेल्या एका बाईंनी.

“कोण हवंय?”

“ते... दात बनवणारे.”

बाईंनी तिला निरखलं. “दात तर छान आहेत तुझे, पोरी.”

पुढच्या खोलीतच त्याचं काम चाले. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खिडकीपाशी दिवा, मेणाचा मंद वास. तो पांढरा अंगरखा घालून एका दाताला कोर देत होता. तिला बघून इतका झटकन उभा राहिला की कोरणी खाली पडली.

तिने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आलं नाही.

“त्या दिवशी तुमचा उजवा पाय कुठे होता?”

“हा काय प्रश्न झाला?” आई म्हणाली.

“कुठल्या दिवशी?” तो म्हणाला.

“मी विका म्हणाले त्या दिवशी. मी गेज लावला, तुम्ही चावी फिरवलीत. तेव्हा. उजवा.”

“वर,” तो म्हणाला. “पूर्ण वर. तुम्हीच शिकवलंत ना चौकात. तेव्हापासून चावी फिरवताना मी कधीच...”

“मी दाबा म्हणाले नाही?”

“नाही. तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत. खूप वेळ. आणि म्हणालात, फिरवा.”

आईने मुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग फळीवरच्या जबड्यांकडे. “मी चहा टाकते,” ती म्हणाली आणि चाकं करकरवत आत गेली. “वेळ लागेल मला. गॅस पेटत नाही लवकर.”

अंगणात तिने पुन्हा प्लग काढले. या वेळी बोनेटच्या फटीकडे ती बघणार नव्हती.

“दाबलाय?”

“दाबलाय.”

“पूर्ण?”

“आणखी दाबला तर जमिनीला लागेल.”

“फिरवा.”

काटा उठला. निम्मं ओलांडून वर गेला, आणखी वर, आणि तिथे थरथरत उभा राहिला. दुसऱ्यातही. तिसरा किंचित मागे, चौथा सगळ्यांत वर. तिने काटा बघितला आणि ती पायरीवर बसलीच.

“काय झालं? वाईट आहे का?”

“मी चुकले,” ती म्हणाली. “इंजिनाला काही झालेलं नाही. ठिणगीचं टायमिंग मागे सरकलंय म्हणून दमते. वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय म्हणून तेल गळतं. एका दुपारचं काम आहे. उद्या तुम्ही तिला तोडायला दिलं असतंत, आणि ते माझ्या...”

त्याला यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. तो दोन्ही हातांनी बोनेट धरून उभा होता आणि लहान मुलासारखा हसत होता. “म्हणजे ठेवायची!”

“ठेव की,” आई दारातून म्हणाली. तिला चहाचा विसर पडलेला दिसत होता. “माझ्यापायी विकली असं नको कुणी म्हणायला. चला, बसवा मला. चक्कर मारून आणा.”

प्लग लावून होईपर्यंत आईला दम निघाला नाही. ती बसली, छप्पर उघडायला लावलं, आळीतून जाताना दिसेल त्याला हात केले. परत आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि गाल तरतरीत दिसत होते. मग उतरायची वेळ आली. मुलाने काखेत हात घातले, जज्जीणबाईने पाय धरले.

“एक... दोन...”

मध्येच कुठेतरी आईची थट्टा बंद पडली. तिने जज्जीणबाईचं मनगट धरलं आणि नखं रुतेपर्यंत दाबलं. तोंडातून आवाज नाही, श्वासही नाही. उभी राहिल्यावर तिने डोळे उघडले. “काही नाही झालं,” ती म्हणाली. “काही नाही. मस्त गाडी आहे.” आणि हळूहळू आत गेली.

ती दोघं अंगणात उरली. तो गाडीकडे बघत नव्हता.

“निकाल?” त्याने विचारलं.

सगळं तिच्या बाजूने होतं. काटा, इंजिन, आईचा होकार. एक शब्द पुरला असता, आणि आरसा वर्षानुवर्षं सैल होत राहिला असता.

“गाडी ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “...आणि विका.”

त्याने मान हलवली. त्यालाही ते माहीत होतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं.

“तुम्ही इतक्या लांब चालत आलात, ती बरी आहे हे सांगायला. आणि आता...”

“हो.”

“तुम्हाला काय हवं होतं?” त्याने हलकेच विचारलं.

ती गेज पुसत होती. तो कधीच स्वच्छ झाला होता. “माझं काय विचारताय,” ती म्हणाली. “मी गॅरेजवाली. पण तोडायला देऊ नका. चालवणारं माणूस आहे माझ्या ओळखीत.”

त्याने त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं.

चालवणारं माणूस म्हणजे तिच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. निवृत्त होऊन डोंगरातल्या गावी राहत होत्या. आयुष्यभर त्यांनी काठीने नकाशावरचे घाट दाखवले होते आणि आता ते स्वतः उतरून-चढून बघायचा त्यांनी चंग बांधला होता. “अशी गाडी आली की मला सांग,” असं त्या दर भेटीत बजावत.

शनिवारी सकाळी तिने टायमिंग बसवलं, पॅकिंग बदललं. दुपारी ते दोघं गाडी पोचवायला निघाले. तिच्या मांडीवर आज काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. गाडी घाट असा चढली जसा काही उतारच आहे. प्रत्येक वळणावर तो म्हणायचा, “बघितलंत?” आणि ती म्हणायची, “बघितलं.” पुढची वळणं त्याने मुद्दाम सावकाश घेतली. तिने का म्हणून विचारलं नाही.

बाई फाटकातच उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून तयार. “आलीस का, मागच्या बाकावरची! आणि हे कोण?”

“गाडीचे मालक,” ती म्हणाली.

“अजून पाच मिनिटं,” तो म्हणाला.

चावी देताना तो बाईंना बरंच सांगत राहिला. थंडीत जरा वेळ द्या, पावसात छपराचा डावा कोपरा बघा, चावी फिरवताना पाय... इथे तो थांबला. “ते या सांगतील,” म्हणाला.

“परत कसे जाणार तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“बसने.”

“बसला वेळ आहे अजून. आत या, काहीतरी खा.”

“नको,” दोघंही एकदम म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “स्टॉप त्या वळणावर आहे,” त्या म्हणाल्या. “सावकाश चाला.”

स्टॉपवर एक बाक होता आणि समोर दरी. ते बसले. मध्ये तिने हत्यारांची पिशवी ठेवली. जरा वेळाने लाल गाडी त्यांच्यासमोरून गेली, छप्पर उघडं, रुमाल फडफडतोय, हॉर्न वाजतोय. त्याने हात केला. मग ती दोघं नुसती ऐकत राहिली. आवाज एका वळणाआड गेला, खालून पुन्हा वर आला, बारीक झाला. एका क्षणी तो आवाज होता, आणि पुढच्या क्षणी फक्त वारा होता.

ती त्याच्याकडे बघायला धजली नाही. इतके दिवस त्यांच्यामध्ये एक गाडी होती. बोलायचं ते तिच्याबद्दल, बघायचं ते तिच्याकडे. आता समोर नुसती दरी, आणि बोलायला काहीच नाही.

“आता माझ्याकडे दुरुस्तीला काहीच उरलं नाही,” तो म्हणाला.

“नवी गाडी घ्याल ना उंच.”

“ती नवी असेल. बिघडायला वर्षं लागतील.” तो बोटांनी हवेत काहीतरी कोरत होता. “घरात एक मिक्सर आहे. आवाज करतो.”

“मी मिक्सर बघत नाही.”

“आईच्या काठीचं चाक...”

“त्याला तेल घाला.”

“हो. घालीन.” खालच्या वळणावर बसचं टप दिसलं, सावकाश वर सरकणारं. अजून दोन-तीन वळणं होती तिला. नंतर गर्दी, तिकिटं, लोक; आणि शहरात उतरल्यावर तो एका रस्त्याने, ती दुसऱ्या. तिच्या घशाशी ते जुनं वाक्य आलं. तिने ते गिळायला तोंड मिटलं, आणि मग उघडलं.

“काहीही बिघडलेलं नसताना या,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

“म्हणजे... आरसा नको. मिक्सर नको. नुसते या. मला तुम्ही यायला हवे असता. काट्यावर मोजून सांगते आहे असं समजा.” तिचे कान तापले होते. “झालं. हाच निकाल.”

बस एका वळणाने जवळ आली. तिला वाटलं, आपण पुन्हा काहीतरी सांगायचं विसरलो.

“उद्या?” त्याने विचारलं.

“उद्या रविवार आहे. गॅरेज बंद असतं.”

“म्हणून तर विचारतोय,” तो म्हणाला.

तिने दोघांमधली पिशवी उचलली आणि पलीकडे ठेवली.